टोळी निघाली काय वं?

आठ दिवसांची झड थांबली, लख्ख ऊन पडलं आणि साऱ्या शिवारात एकाच दिवशी निंदणाला हात हवे झाले. सोयाबीन गुडघ्याला आलं होतं आणि गवत त्याच्याही वर. कोकिळा पाचला उठली. चूल पेटवली, पीठ मळलं, पहिली भाकर तव्यावर टाकली आणि दुसरा गोळा हातात घेते न घेते तोच

— टोळी निघाली काय वं?

"नाई निघाली, आत्याबाई. निजा."

आज गोपालच्या नाल्याकाठच्या वावरात जायचं होतं. अकरा बाया. साडेसातला हापशीपाशी जमायचं, आणि वच्छलाबाईला निरोप द्यायचा होता की खुरपं

— टोळी निघाली काय वं?

"नाई."

की खुरपं धार लावून आण, हरळी मातली आहे. भाकर करपली. कोकिळेनं ती ओढून बाजूला टाकली, आणि

— अवं, टोळी निघाली काय?

"नाई निघाली! नाई, नाई, नाई!"

सहा वर्षांत कोकिळेच्या मनातलं एकही वाक्य पुरं झालं नव्हतं. सगळी अशीच मधून तुटलेली. बाजेवर बसलेली सासू, तानाबाई, वय पंच्याहत्तरच्या पुढं, केस कापलेले, कारण विंचरू देत नव्हती. हाताची बोटं मात्र अजून निंदणाऱ्या बाईची होती. आखूड, जाड, नखांत काळी रेघ. ती बोटं गोधडीचे धागे उपटत होती आणि उपटलेले धागे उशाशी रांगेनं लावत होती.

तीस वर्षं ही बाई टोळीची मुकादमीण होती. जानेफळच्या या बाजूच्या चार गावांत तानाबाईची टोळी म्हटलं की मालक लोक बांधावर यायचंही सोडून द्यायचे. वावर आरशासारखं होणार हे ठरलेलं. आता ती टोळी कोकिळेची होती. तानाबाईनंच हातात दिलेली, डोकं ठिकाणावर असताना.

इंद्रभान उठून अंगणात आला. कोकिळेचा नवरा. जानेफळ ते मेहकर काळी-पिवळी चालवायचा. दात घासता घासता म्हणाला, "काऊन ओरडून राह्यली सकाळी सकाळी? म्हातारं माणूस हाये."

"तुमी सांगा मंग तिले. पाच वाजेपासून इचारून राह्यली."

"मले नाई इचारत ते."

खरंच होतं. त्याला कशाला विचारेल? तो जवळ असायचाच कुठं.

"मी साडेसातले जातो," कोकिळा म्हणाली. "तुमी दहाले गाडी काढता. निंघताना बाहेरून कडी लावजा. इसरू नका."

"हाव, हाव."

"दोनदा हाव म्हणलं की तुमी इसरता."

"अवं, हाव म्हणलं ना!"

*

निंदणाला बाया ओळीनं बसतात. एकेकीला दोन-दोन तास, म्हणजे पेरणीच्या दोन ओळी. तीच तिची पात. खुरपं मारत, उकिडवं सरकत पुढं जायचं. कोणी भराभर सरकते, कोणी मागं राहते. ज्या बाया आधी वावराच्या टोकाला पोचतात त्या बांधावर जाऊन पाणी पीत बसत नाहीत. त्या वळतात आणि मागं पडलेल्या बाईची पात समोरून निंदत येतात, ती मध्ये भेटेपर्यंत. शेवटची पात निघाली की सगळ्या एकदम बांधावर. हा नियम तानाबाईचा. दुसऱ्या टोळ्यांत असं नसतं. तिथं मागं राहिलेली बाई उन्हात एकटी राहते आणि बाकीच्या झाडाखाली बसून तिला हसतात.

कोकिळा लग्न होऊन आली त्या पावसाळ्यात पहिल्याच दिवशी तिची पात अर्ध्या वावरानं मागं पडली होती. डोळ्यांपुढं अंधारी येत होती. समोरून कोणीतरी खुरपं मारत आलं. सासू होती. एक शब्द बोलली नाही. पात निघाली. मग घरापर्यंत मात्र शिव्या घालत आली, "मायनं भाकर थापाले तरी शिकवलं काय?" कोकिळा ते दोन्ही विसरली नव्हती.

आज गोपालच्या वावरात तिची पात सगळ्यांच्या पुढं होती. केना मुळासकट येत होता, ओल्या मातीचा वास नाकात होता, वच्छलाबाई आपल्या सुनेच्या माहेरच्या फजितीची गोष्ट सांगत होती आणि बाया हसत होत्या. गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुरी झाली. मधे कोणी काही विचारलं नाही. कोकिळेला त्याचंच सुख वाटलं.

जेवणाची सुटी व्हायच्या बेतात गोपालची मोटारसायकल बांधावर थांबली. पस्तिशीचा गडी, चांगला शिकलेला, पण आज तोंड उतरलेलं.

"कोकिळाबाई, इकडं या जरा. रस्त्याच्या पल्याडच्या तुकड्यात."

कोकिळा उठली. तिच्या मागोमाग सगळ्याच उठल्या.

रस्त्यापलीकडच्या सोयाबीनमध्ये तानाबाई उकिडवी बसली होती. लुगडं मागून ओलं, चिखलानं भरलेलं. हातात खुरपं नव्हतं, नुसत्या बोटांनी काम चाललं होतं. तिच्या मागं तीन तास, पार बांधापासून, मोकळे झाले होते. एकही सोयाबीनचं झाड नाही. हरळी, केना, गाजरगवत जसंच्या तसं उभं. उपटलेलं सोयाबीन माती झटकून, सगळ्या मुळ्या एका बाजूला करून, पेंढ्या पेंढ्यांनी बांधावर रचलेलं. इतकं नीटनेटकं काम आजकाल कोणी करत नाही.

एका बाईला हसू आलं. तिनं पदर तोंडात कोंबला.

"पंधरा वर्सं ह्या बाईनं आमचं वावर निंदलं," गोपाल म्हणाला. "म्हणून मी काही बोलून नाई राह्यलो. दुसरं कोणी असतं तं सोडलं नसतं."

"मालक," तानाबाई मान वर न करता म्हणाली, "तीन तास काढले. पाणी आणायले लावा कोणाले."

"आत्याबाई, उठा. घरी चला."

तानाबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग गोपालकडं पाहून म्हणाली, "हे कोण बाई हाये मालक, मले ठाऊक नाई. मले जेवू घालत नाई ते. दोन दिवस झाले, पोटात अन्न नाई."

अकरा बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. कोकिळेनं सकाळी दीड भाकर दुधात कुस्करून, एकेक घास तोंडाशी धरून, पाऊण तास लावून भरवली होती. बोटाला चावलेलं अजून दिसत होतं.  काय बोलणार? बोट दाखवणार?

"टोळी येऊ द्या माह्या वावरात," गोपाल म्हणाला, पायानं ढेकूळ फोडत. "पण तुमी नका येऊ, कोकिळाबाई. तुमच्यामागं बुढी येते. पहिले तिले सांभाळा, मंग या."

सांभाळा. बुलढाण्याच्या डॉक्टरनंही हेच म्हटलं होतं. विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार, गोळीनं थांबत नाही, सांभाळा. कागद त्यानं इंद्रभानच्या हातात दिला होता, पण सांभाळा म्हणताना पाहिलं होतं कोकिळेकडं. डॉक्टरला ओळख ना पाळख, पण ते मात्र त्याला कळलं होतं.

कोकिळेनं सासूला दंडाला धरून उठवलं. मागं वळून पाहिलं. बाया पुन्हा वावराकडं निघाल्या होत्या. वच्छलाबाई तेवढी थांबली, म्हणाली, "तू जाय. मी पाहातो इकडचं." आणि तीही गेली. कोकिळेची पात अर्धी राहिली होती. ती कोण समोरून

— टोळी निघाली काय वं?

*

"कडी लावली होती," इंद्रभान संध्याकाळी म्हणाला.

"कडी लावली असती तं बुढी भिंतीतून गेली काय?"

"लावली असंन. ध्यानात नाई. सवारी उभी होती, घाई झाली."

कोकिळा न्हाणीत पाणी तापवून नेत होती. तानाबाईचं लुगडं मांड्यांना चिकटलं होतं, चिखल वाळून पापुद्रे झाले होते आणि तिच्या अंगावर कोणी हात घातला की ती ओरडायची. "या इकडं," कोकिळा म्हणाली, "नुसते हात धरा तिचे. मी धुतो."

इंद्रभान उठून ओट्याच्या पायरीवर गेला. पाठ करून. दर वेळी जायचा तसाच. "मी तिचा पोरगा हाओ. मी कसं करू? लाज वाटते मले."

"आन् मी?"

"तू बाई हायेस."

"तुमी पोरगा हाये म्हणून तुमच्यानं होत नाई. मी तिची कोणीच नाई म्हणून मी करू. बराबर हाये."

 न्हाणीत तानाबाईनं तांब्या फेकला, तो कोकिळेच्या भुवईला लागला. बाहेर इंद्रभाननं विचारलं, "काय पडलं?" आणि उत्तराची वाट न पाहता मोबाइलवर गाणं लावलं.

*

दुसऱ्या दिवशी कोकिळेनं सासूला बांधलं.

हे झाकायचं कारण नाही. तिनं जुन्या पातळाची चिंधी काढली, मऊसूत झालेली. घोट्याभोवती दोन वेढे दिले, दोन बोटं आत जातील इतकं सैल ठेवलं आणि दुसरं टोक बाजेच्या पायाला बांधलं. तांब्याभर पाणी, वाटीत मुरमुरे, बाजूला बादली. इंद्रभान पाहत होता. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. गाडीची चावी बोटाभोवती फिरवत निघून गेला.

त्या दिवशी टोळी वामनरावांच्या वावरात होती, गावाच्या दुसऱ्या अंगाला. वच्छलाबाईनं तिला पाहून विचारलं, "बुढी?"

"बांधली."

वच्छलाबाई खुरप्याची मूठ चाचपत राहिली. मग सरकून जागा केली. "बस."

दुपारपर्यंत कोकिळेनं दोन पाती काढल्या. आयुष्यात असं निंदलं नव्हतं. गवताच्या बुडाशी खुरपं घालायची, अन् प्रत्येक गवताला नाव होतं. ही कडी. हा डॉक्टर. ही पायरी. हे गाणं. बाया म्हणाल्या, अवं हळू, झाडं तुटतील. एकही झाड तुटलं नाही.

फोन वाजला तो दोनच्या सुमारास. इंद्रभान होता. "घरी ये. सुवर्णाताई आली."

सुवर्णा इंद्रभानची मोठी बहीण. मलकापूरला असते, नवरा बँकेत. पावसाळ्यात, विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन असतं तेव्हा एकदा येते, पांढरी साडी घेऊन, केळीचा फणा घेऊन, दोन दिवस विहारात वाचनाला बसते आणि जाताना आईच्या पाया पडून रडते. कोकिळा पोचली तेव्हा ती बाजेपाशी बसली होती. चिंधी सोडून हातात धरलेली. सुटल्यावरही तानाबाई तिथंच बसली होती, मुरमुरे रांगेनं लावत.

"जनावरालेही कोणी असं बांधत नाई, कोकिळा."

"जनावरालेच बांधते, ताई. लोकाच्या वावरात शिरू नये म्हणून."

"लाज नाई वाटत तुले?"

"काल वाटली. गोपालच्या बांधावर उभी होती तवा. तुमी नव्हत्या."

सुवर्णानं फोन पुढं केला. पडद्यावर तानाबाईचा घोटा, चिंधी, बाजेचा पाय. फोटो घरच्यांच्या ग्रुपवर टाकला होता. खाली पुण्याहून, अकोल्याहून, कुठून कुठून रडणारे चेहरे आणि जोडलेले हात आले होते. एका चुलत दिरानं लिहिलं होतं, ज्या माउलीनं उन्हात राबून वाढवलं तिची ही दशा. हा दीर शेवटचा घरी आला होता त्याला चार वर्षं झाली.

"तिचा चेहरा काऊन नाई घेतला?" कोकिळेनं विचारलं. "नख्खं कापलेले नाई दिसले? पाठीले पावडर लावली ते? सहा वर्सं झाले, पाठीवर एक फोड नाई आला बाजेवर राहून. त्याचा फोटो घ्या ना."

"तू टोळी सोड," सुवर्णा म्हणाली. "घरात एक बाई असून आई बांधून ठेवावी लागते? इंद्रभान, सांग तिले."

इंद्रभाननं मान खाजवली. "सोडाच लागंन आता. दुसरं काय? गावात बोलून राह्यले लोक. आज वाचन झाल्यावर चार माणसात सांगून टाकू, की उद्यापासून वच्छलाबाई टोळी पाहीन. म्हणजे तोंडं बंद होतील."

"माही टोळी," कोकिळा म्हणाली, "तुमी चार माणसात सांगून

— टोळी निघाली काय वं?

"निघाली, माय," सुवर्णा गोड आवाजात म्हणाली आणि आईच्या डोक्यावरून हात फिरवला. पहिल्यांदाच विचारलं होतं तिला. पहिल्यांदा गोडच निघतं.

*

संध्याकाळी सातला विहारात सगळी जमली. बाया डावीकडं, पुरुष उजवीकडं, मध्ये मेणबत्त्या. सुवर्णानं आईला हट्टानं आणलं होतं, पांढरं लुगडं नेसवून. म्हणजे नेसवलं कोकिळेनं, आणलं सुवर्णानं. तानाबाई दोघींच्या मध्ये बसली. बाया कोकिळेकडं पाहत आणि पाहिलं नाही असं करत. तिच्या बोटांवरचा गवताचा हिरवा-काळा डाग दोनदा घासूनही गेला नव्हता.

मोतीराम गुरुजी वाचत होते. त्या दिवशीचा भाग आजारी भिक्खूचा निघाला. पोटाच्या दुखण्यानं तो आपल्याच घाणीत पडलेला, आणि सोबतचे भिक्खू त्याच्याकडं फिरकत नाहीत. भगवंत एका शिष्यासह तिथं आले. त्यांनी स्वतः पाणी घातलं, स्वतः त्याला धुतलं. एकानं डोक्याकडून धरलं, एकानं पायाकडून, आणि उचलून खाटेवर ठेवलं. गुरुजींचा आवाज भरून आला. बायांनी पदर डोळ्याला लावले. पुरुषांच्या बाजूला इंद्रभाननं सावकाश मान डोलावली.

तेव्हाच सतरंजीवर ओल पसरली.

आधी वास आला. मग सुवर्णा एकदम बाजूला सरकली, साडी आवरून. तानाबाईच्या खालून पाणी निघून ओघळत मेणबत्त्यांकडं चाललं होतं आणि ती त्याच्याकडं कुतूहलानं पाहत होती, कोणी वावरात पाण्याची चारी सोडली म्हणून. गुरुजी थांबले. चाळीस-पंचेचाळीस माणसं थांबली.

आणि सगळ्यांनी कोकिळेकडं पाहिलं.

 बोलायची गरजच नव्हती. ती उठणार, कोपऱ्यातलं पोतेरं आणणार, सासूला धरून मागच्या नळावर नेणार, मग वाचन पुढं सुरू होणार आणि वाचन झाल्यावर चार माणसांत सांगायचं ते सांगितलं जाणार. कोकिळेचे गुडघेही उठायला निघाले होते. सवयीनं.

ती बसली. नुसती बसून राहिली. हात मांडीत.

"अवं," इंद्रभान पलीकडून दबल्या आवाजात म्हणाला. "ऊठ ना."

कोकिळा हलली नाही.

"कोकिळा!" सुवर्णा. "पाहून काय राह्यली?"

वच्छलाबाई उठायला लागली. कोकिळेनं तिचा हात धरून खाली बसवलं. "तू नको. हे तुही पात नाई." मग ती बोलली, हळू नाही, मोठ्यानं, वावराच्या या टोकावरून त्या टोकाला बोलावं तसं.

"ह्या बाईनं मले शिकवलं. शेवटच्या बाईची पात निंघेस्तोवर कोणी बांधावर बसाचं नाई. सहा वर्सं मी एकटी निंदून राह्यली. समोरून कोणी आलं नाई. तुमी बांधावर बसून मले पाह्यलं, फोटो काढले, आता कथा आयकून रडून राह्यले. उठा. ती तुमची माय हाये. मागं नळ हाये, पाणी कोमट नाई, चालते. पहिले हात धरा, मंग कासोटा सोडा, नाईतं ते मारते. ताई, तुमी पायाकडून. फोन ठेवा खाली."

मेणबत्तीची ज्योत तडतडली. कोणीतरी खोकललं.

"घरी गेल्यावर बोलू आपण," इंद्रभान म्हणाला.

"घरी मी लय बोलली. आन् चार माणसात सांगाचं होतं ते मीच सांगतो. मी उद्या साडेसातले हापशीपाशी हाओ. टोळी माही हाये. बुढीपाशी उद्या कोण राहीन ते तुमी दोघं ठरवा. मले इचारू नका."

पुरुषांतून कोणी हसलं असतं तर इंद्रभान कदाचित उठला नसता, भांडला असता. कोणी हसलं नाही. मोतीराम गुरुजींनी चष्मा काढला आणि त्याच्याकडं पाहत राहिले. मग बाकीचेही पाहू लागले. ती नजर कोकिळेच्या ओळखीची होती. सहा वर्षं तिच्यावर होती. आता ती दुसरीकडं वळलेली पाहून तिला गार वाटलं नाही, समाधान वाटलं नाही. नुसता राग होता, पण आता तो ताठ बसला होता.

इंद्रभान उठला. आईपाशी आला. कुठं धरावं ते त्याला कळेना. काखेत हात घातला तशी तानाबाईनं त्याच्या मनगटावर चापट मारली. सुवर्णानं फोन सतरंजीवर ठेवला, साडी खोचली. दोघांनी मिळून तिला उभं केलं आणि मागच्या दारानं नेलं. ओल्या पावलांचा माग दारापर्यंत उमटला.

नळ सुटल्याचा आवाज आला. बादली आपटली. "अवं, असं नाई, तिकडून धर." "तूच धर ना मंग." "अरे, मारते ते!" मग इंद्रभानचा आवाज, इकडं उद्देशून, "कासोटा कुठून सुटते?"

"मागून," कोकिळा बसल्या जागेवरून म्हणाली.

पाणी वाहत होतं. आणि त्या पाण्यातून

— टोळी निघाली काय रे?

कोकिळा गप्प. 

"नाई माय, नाई निघाली," इंद्रभान म्हणाला. आवाज खरंच मऊ होता. वाचनातल्यासारखा.

— टोळी निघाली काय?

"नाई निघाली. उभी राय नीट."

— टोळी निघाली काय रे बापा?

"नाई म्हणलं ना."

— टोळी

"नाई निघाली! कितीक खेप सांगू तुले?"

चार खेपा. कोकिळेनं मांडीतल्या हाताची चार बोटं मिटली. अंगठा उघडाच राहिला.

मोतीराम गुरुजींनी चष्मा डोळ्यांवर ठेवला, पान शोधलं आणि कोणाला विचारावं हे न कळून तिलाच विचारलं, "पुढं वाचू काय?"

"वाचा ना, गुरुजी," कोकिळा म्हणाली. "आज आयकाले येळ हाये मले."